तळाच्या बोल्टवरची पिवळी रेघ

गाडी स्टँडवर चढवली, दिवा इंजिनाखाली धरला, आणि धाकट्याला ती रेघ दिसली. नखाएवढी लांब, पिवळी, ऑइल काढून टाकायच्या ड्रेन बोल्टच्या डोक्यावरून निघून इंजिनाच्या तळावर उतरलेली. वाळलेल्या ऑइलचा आणि धुळीचा थर त्यानं रॉकेलच्या फडक्यानं पुसला नसता तर दिसलीही नसती. पण पुसायची सवय, आणि पुसलं की दिसतंच. तो स्टुलावर बसला. गुडघ्यात काही झालं नव्हतं, पाठीतही नाही. घरातून निघताना काहीतरी विसरल्यासारखं वाटून माणूस पुन्हा खुर्चीवर टेकतो, तसा उगाच बसला. सकाळचे सव्वानऊ वाजले होते. अकराला दादा येणार होता. पंचावन्न वय झालं, केस पिकले, चष्म्याला दोरी लागली, तरी सगळं गाव त्याला धाकटाच म्हणायचं. शर्यतींच्या दिवसांत दादा चालवायचा आणि हा गाडी बघायचा, तेव्हापासूनचं ते. थोरल्याची शर्यत संपली, थोरला म्हणणारे कोणी उरले नाहीत, आणि धाकटा मात्र धाकटाच राहिला, ज्याला कोणी थोरलं नाही असा.

शर्यतीची ही जुनी मोटरसायकल दातांच्या डॉक्टरांची होती. म्हणजे आता त्यांची होती. शर्यतीची टीम बाळगणारे शेठ वारल्यावर त्यांच्या मुलीनं गोदामाचं कुलूप काढलं, ताडपत्रीखाली ही निघाली, आणि डॉक्टरांनी ती बघितल्या बघितल्या घेतली. डॉक्टर माणूस हौशी. त्यांना ती दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत काचेमागं ठेवायची होती. ‘दात काढायच्या आधी पेशंटला काहीतरी सुंदर दिसावं हो,’ असं ते म्हणायचे. पण चालू स्थितीत हवी होती, मुकी नको. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘पाटी करायला टाकतोय. कुठं बनली, कुठल्या शर्यती जिंकली, सगळं लिहिलंय. शेवटच्या शर्यतीचं काय लिहू? जुने लोक म्हणतात चालकाची चूक. तसं लिहिलेलं तुमच्या बंधूंना चालेल ना?’ धाकट्यानं फोन एका कानाकडून दुसऱ्या कानाला नेला. ‘हॅलो? आहात ना? बरं, एक करतो, त्यांनाच बोलावतो उद्या तुमच्याकडे. अकराला. त्यांच्याच तोंडून ऐकू. मी पोचतो साडेअकरापर्यंत, एक दाढ आहे तेवढी उरकून.’ चालकाची चूक. ते दोन शब्द काल संध्याकाळपासून धाकट्याच्या डोक्यात घुमत होते, आणि आता समोर ती रेघ होती, त्याच्याच हातची.

आधी त्याला वाटलं होतं, गाडी ओळखूच येणार नाही. पण जुनं घर दार न उघडताही ओळखावं तसं त्यानं तिला आवाजाशिवाय ओळखलं. नळ्यांच्या जाळीची ती लाल फ्रेम, आणि त्यात टांगलेलं इंजिन: एक सिलेंडर जमिनीला जवळजवळ समांतर झोपलेला, दुसरा उभा. इतर सगळे चार-चार सिलेंडर घेऊन यायचे आणि हे इटालियन दोनच घेऊन उभे राहायचे. चार सिलेंडरवाले सरळ रस्त्यावर पुढं जायचे, आणि ही वळणातून बाहेर पडताना त्यांना गाठायची. तिचा तो कारखाना आधी रेडिओचे भाग करायचा. युद्धात वरून बॉम्ब पडले, भिंती बसल्या, तर त्यांनी सायकलला लावायचं बारकं इंजिन करायला घेतलं, आणि तिथून इथवर आले. धाकट्याला त्यांचं कौतुक होतं ते याचं. आणि त्या झडपांचं. बाकीच्या इंजिनांत झडप उघडायला यंत्रणा असते आणि मिटायला नुसती स्प्रिंग. वेग फार वाढला की स्प्रिंग दमते, झडप वेळेवर मिटत नाही. या इटालियनांनी स्प्रिंगवर भिस्तच ठेवली नाही. उघडायला एक हात, मिटायला दुसरा हात. दार उघडायला माणूस ठेवलाय तर लावायलाही ठेवा, आपोआप लागेल म्हणून बसू नका. उस्ताद हे समजावून सांगायचे तेव्हा दोन्ही हातांनी दार उघडून-लावून दाखवायचे आणि म्हणायचे, ‘आपोआप काही होत नाही रे बाबा. जगात काहीच आपोआप होत नाही.’

उस्ताद म्हणजे शेठच्या टीमचे मुख्य मेकॅनिक. तोंडानं फटकळ, हातानं देव. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी भिंतीवर लिहून ठेवला होता: घट्ट करणाऱ्यानं रेघ मारायची नाही. शर्यतीआधी प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट एकानं टॉर्क पान्यानं घट्ट करायचा. ठरलेला आकडा आला की पाना ‘कट्’ असा वाजतो, तो ऐकायचा. मग दुसऱ्यानं येऊन बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवायची, पिळायची, आणि वर रंगाची रेघ मारायची. रेघ अखंड म्हणजे बोल्ट हललेला नाही. पण तार आणि रेघ, दोन्ही मिळून एवढंच सांगतात की बोल्ट होता तिथंच आहे. आधी तो घट्ट केला होता की नाही, हे त्यांना काय माहीत? ढिल्या बोल्टलाही तार बसते, ढिल्या बोल्टवरही रेघ सुंदर उमटते. तपासणीस येतो, तार बघतो, रेघ बघतो, मान हलवतो, पुढं जातो. म्हणून दोन माणसं. आणि त्या दिवशी दुसरा माणूस तापानं फणफणला होता. उस्ताद शेठबरोबर टायरवरून भांडत होते. रंगाची बाटलीही संपली होती. दादाचं लग्न होऊन दोन महिने झाले होते, वहिनी शर्यत बघायला आली होती, तिच्या पर्समधून नखाला लावायचं पिवळं पॉलिश निघालं. ‘भावजी, नखं रंगवायची राहिली का तुमची?’ असं म्हणून ती हसली होती. इंजिनाखाली आडवं पडून त्यानं ड्रेन बोल्ट हातानं फिरवत नेला, तांब्याची चकती टेकेपर्यंत. टॉर्क पाना उचलला. तेवढ्यात दादानं हाक मारली, ‘अरे, हातमोज्याचा बंद अडकलाय, ये जरा.’ तो गेला. बंद काढला. दादानं त्याच्या डोक्यावर टपली मारली. परत येऊन त्यानं तार ओवली, पिळली, आणि वहिनीच्या पॉलिशनं रेघ मारली. मधे काय झालं? पाना लावला? वाजला? त्या दिवसाचे बाकी सगळे कट् त्याला आठवत होते, मोजून तेवीस. चोविसावा त्याला कधीच ऐकू आला नाही, ना तेव्हा, ना नंतर.

तिसऱ्या लॅपला दादा पडला. जुन्या धावपट्टीवर आखलेला तो ट्रॅक, आणि त्यावरचं ते लांबलचक डावं वळण. वळणातून बाहेर येताना मागचं चाक घसरलं, मग एकदम जमिनीला चावलं, आणि गाडीनं दादाला वर फेकलं. धाकट्यानं ते पाहिलं नाही. त्यानं लोकांच्या माना एका बाजूला वळलेल्या पाहिल्या. तो पोचला तेव्हा इंजिनाचं डाव्या बाजूचं झाकण फुटून सगळीकडे ऑइल झालं होतं, रस्त्यावर, टायरवर, गवतावर, दादाच्या बुटावर. ऑइल पडण्याआधी सांडलं की पडल्यावर, हे त्या पसाऱ्यात देवालाही सांगता आलं नसतं. ढिल्या बोल्टच्या चकतीतून थेंब थेंब टायरवर गेलं असेल तर चाक घसरणारच. आणि दादानं थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, श्वासभर लवकर उघडला असेल तरी चाक घसरणारच. दोन कारणं, आणि परिणाम डिट्टो एकच. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दादा शुद्धीवर आला. गुडघा परत वाकणार नाही हे त्याला सांगून झालं होतं. त्यानं छताकडे बघत विचारलं, ‘सगळं घट्ट केलं होतंस ना रे?’ आणि धाकटा म्हणाला, ‘हो.’ ताबडतोब म्हणाला. एक क्षण थांबला असता, ‘आठवत नाही रे दादा’ एवढे चार शब्द बोलला असता, तरी पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण हो म्हणाला. दादानं मान हलवली. ‘मग माझाच हात चुकला,’ तो म्हणाला, आणि त्यानंतर कोणीही विचारलं की तो तेवढंच सांगायचा, ‘लवकर उघडला मी.’ जणू आपला रक्तगट सांगतोय. शर्यत मात्र त्यानं कुणालाच सांगितली नाही. त्या दोन लॅपांत काय झालं, कुणाला मागं टाकलं, काही नाही.

मग वर्षं गेली. लोक म्हणतात वर्षं भराभर गेली. धाकट्याची तशी गेली नाहीत, एकेक रविवार करून गेली. दर रविवारी सकाळी तो दादाकडे जायचा. नळ गळतोय, पंखा कुरकुरतोय, बाथरूमच्या भिंतीला दादाला धरायला दांडा हवाय, शाळेच्या प्रकल्पासाठी पुतणीला छोटी पवनचक्की हवीय. ‘भावजी, अहो बसा तरी,’ वहिनी म्हणायची, ‘तुम्ही काय आमच्याकडे कामाला आहात?’ तो बसायचा नाही. इटलीच्या त्या कारखान्याच्या शर्यत-विभागानं उस्तादांच्या शब्दावर त्याला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. त्यानं कळवलं, घरच्या अडचणीमुळे जमत नाही. लग्नाचं दोनदा बोलणं झालं, दोन्ही वेळा त्यानंच मोडलं. खाई त्याला खवखवे. खवखव कुणाला दिसत नव्हती एवढंच. आणि दादा एका मोठ्या इस्पितळाच्या पार्किंगच्या खिडकीत बसला, सव्वीस वर्षं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत. एकदा धाकटा डबा द्यायला गेला होता. डाव्या हातानं दादा वहीची पानं उलटत होता, आणि उजवा हात टेबलाखाली मांडीवर होता. त्या हाताची मूठ वळली होती आणि मनगट सावकाश मागं फिरत होतं, थांबत होतं, पुन्हा पुढं येऊन पुन्हा फिरत होतं. थ्रॉटल उघडत होता तो. ते वळण घेत होता, भर दुपारी, गाड्यांच्या रांगेसमोर, कितीव्यांदा कोण जाणे, आणि प्रत्येक वेळी थोडा उशिरा उघडून बघत होता. धाकटा डबा खिडकीत ठेवून परतला. नंतर वहिनीकडून कळलं की झोपेतही ते मनगट फिरतं. ‘मी हात धरून ठेवते,’ ती म्हणाली, ‘थांबतो मग.’

दहा वाजले. बाहेर रस्त्यावर भाजीची हातगाडी आली, गेली. धाकटा अजून स्टुलावरच होता. कळायचा मार्ग होता, आणि तो सोपा होता, तेच वाईट होतं. तार कापायची. बोल्ट अर्धा फेरा ढिला करायचा; रेघ तुटून तिचे दोन तुकडे होतील, एक बोल्टवर, एक तळावर. मग टॉर्क पान्यावर तोच ठरलेला बेचाळीसचा आकडा लावून बोल्ट परत आवळायचा, जुन्याच चकतीवर. पाना वाजला त्या क्षणी रेघेचे तुकडे समोरासमोर आले, तर बोल्ट तेव्हाही बेचाळीसलाच घट्ट होता. बोल्टवरचा तुकडा जर तळावरच्या तुकड्याला ओलांडून पुढं गेला आणि मग पाना वाजला, तर तेव्हा ढिला होता. बस. वहिनीच्या नेलपॉलिशनं साक्ष लिहून ठेवली होती, आणि शेठच्या गोदामानं ती एकोणतीस वर्षं कुलूपबंद ठेवली होती. आता मग बसलास का, त्यानं स्वतःला विचारलं. ढिला निघाला तर दादाचा गुडघा माझ्या माथ्यावर, सव्वीस वर्षांची खिडकी माझ्या माथ्यावर. ठीक आहे, तसंही धरूनच चाललोय. आणि घट्ट निघाला तर मी सुटलो. पण मग दादा अडकला, कायमचा, पाटीवर कोरून. दोघांपैकी एकच सुटणार होता. हे त्याला आधी कधी सुचलं नव्हतं, आणि इतकी वर्षं सुचलं नाही म्हणून त्याला स्वतःचा राग आला. सगळं ओझं आपल्या एकट्याच्या खांद्यावर आहे अशा समजुतीत राहिलास गाढवा. दुसऱ्या टोकाला दादा होता की.

त्यानं तार कापली. पक्कडीचा आवाज रिकाम्या गॅरेजमध्ये उगाच मोठा वाटला. पाना लावून त्यानं जोर दिला. बोल्ट करकरला, अडला, आणि सुटला. पॉलिश टचकन तुटलं. आत ऑइल नव्हतंच. काळा डिंक झालेला एक थेंब खाली आला आणि लोंबत राहिला. टॉर्क पान्याचा आकडा त्यानं दोनदा तपासला. चष्मा काढून पुसला. मग पाठीवर आडवा पडून, त्या दिवशी पडला होता तसाच, दिवा छातीवर ठेवून तो पाना फिरवू लागला. पिवळा तुकडा सरकायला लागला. तुकडा जवळ आला. अजून जवळ. ओलांडणार, त्याला वाटलं, ओलांडणार आता, आणि त्याच्या मनानं ते मान्यही करून टाकलं. कट्. तो तसाच पडून राहिला. मग त्यानं मान उचलून पाहिलं. रेघ अखंड होती. केसाचीही फट नव्हती. त्यानं पुन्हा ढिला केला, पुन्हा आवळला. कट्. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. बोल्ट घट्ट होता. चोविसावा कट् वाजला होता. दादाच्या हातमोज्याकडून परत येताना, टपलीनं खूश झालेल्या त्या पोरानं पाना लावला होता, फिरवला होता, आणि विसरला होता, कारण आनंदात केलेलं काम आठवत नाही.

आधी त्याला रडू आलं. आडवं पडल्यामुळे पाणी कानांत गेलं. सुटलो, असं तो मोठ्यानं म्हणाला. आजूबाजूला कोणी नव्हतं. मग छातीवरचा दिवा बाजूला ठेवून तो छताच्या पत्र्याकडे बघत राहिला, आणि आनंदाच्या जागी भलतंच काहीतरी यायला लागलं. हा सगळा हिशोब फुकटच गेला म्हणायचा. तो दांडा, ती पवनचक्की, ते न गेलेलं इटली, त्या दोन मुली ज्यांची तोंडंसुद्धा आता आठवत नाहीत. कशासाठी? न केलेल्या चुकीसाठी. आणि चूक ज्याची, तो तिकडे खुर्चीत बसून माझ्या हातचे खिळे ठोकून घेतोय. एवढं वाटून गेलं, आणि लगेच त्याला शरम वाटली, कान तापण्याइतकी. दादानं कधी काही मागितलं होतं का? त्यानं एकदाच एक गोष्ट विचारली होती, आणि आपण माहीत नसताना ‘हो’ म्हणालो होतो. उत्तर खरं निघालं ते नशीब. बोलताना ते खोटंच होतं. दादाला बाहेर पडायला एवढीशी फट राहिली होती, ती आपण भीतीनं बुजवली. बोल्ट घट्ट केला हा मेकॅनिकचा गुण झाला. त्या दिवशी भाऊ कुठं होता?

तो उठला. पावणेअकरा. बोल्ट बाहेर काढून, धुऊन, त्यानं चकती बघितली. चेपून पातळ झाली होती. जुनी चकती पुन्हा वापरायची नाही, हा दुसरा नियम, हा भिंतीवर लिहायचीसुद्धा गरज नव्हती. त्यानं डबीतून नवी काढली, बोल्ट लावला, बेचाळीसला आवळला. कट्. नवी चकती जाड, त्यामुळे बोल्ट अलीकडेच थांबला. रेघेचे दोन तुकडे करंगळीच्या जाडीएवढ्या अंतरानं एकमेकांपासून दूर राहिले. त्यानं काहीच केलं नव्हतं. रोज करतो तेच केलं होतं. आणि तरी रेघ आता वेगळं सांगत होती. थिनरचं फडकं हाताशी होतं. एकदा फिरवलं असतं तर दोन्ही तुकडे गेले असते आणि बोलायला काही उरलं नसतं. त्यानं फडकं उचललं, घडी केली, आणि बाकावर ठेवून दिलं.

दादा रिक्षातून उतरला तो आवाज त्यानं ओळखला: आधी काठी, मग चांगला पाय, मग तो ओढलेला. दारात उभं राहून दादानं गाडी बघितली. किती वेळ बघितली. ‘लहान दिसतेय रे,’ तो म्हणाला. मग जवळ आला आणि उजवा हात टाकीवर ठेवला. लगेच उचलला, तापलेली असावी तसा. ‘डॉक्टर पाटीचं म्हणत होते,’ तो म्हणाला. ‘लिहू देत काय लिहायचं ते. खरं तेच लिहिणार ना? मला काही वाटत नाही.’ हे त्यानं इतकं सहज म्हटलं की धाकट्याला त्यातला सराव ऐकू आला. काल संध्याकाळपासून घोकत असणार. ‘बस,’ धाकटा म्हणाला. दादा बसला नाही. तो हँडलच्या बाजूला उभा होता, आणि इतरांच्या घरी गेल्यावर वस्तूला हात लावायचा नाही असं शिकवलेल्या मुलासारखे त्यानं दोन्ही हात काठीवर ठेवले होते. मग त्यानं विचारलं. गाडीकडेच बघत, अगदी हळू. ‘तळ उघडलास का तू?’

‘उघडला.’

‘मग?’

डॉक्टरांनी दिलेला, दात बघायचा छोटा आरसा खिशात होता, इंजिनाखालचं न वाकता बघायला फार कामाचा. तो त्यानं इंजिनाखाली धरला आणि दिवा दाखवला. ‘तुला वाकता येणार नाही. इथं बघ.’ दादा चष्मा वर सारून आरशात बघत राहिला. पिवळे दोन तुकडे, मधे उघडा तळ; कुठला पुढं, कुठला मागं, ते आरशात उलटंच. ‘तिचं नेलपॉलिश,’ तो म्हणाला. ‘जुळत नाही.’

‘नाही जुळत. आवळून बघितला.’ धाकट्यानं आरसा खाली घेतला. ‘ढिला होता, दादा. तू हातमोज्यासाठी हाक मारलीस, मी परत आलो आणि पाना लावायचाच विसरलो. नुसती तार पिळली. ऑइल टायरवर गेलं असणार. तुझा हात नाही चुकला.’

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लागली, आणि आवाज लांब गेला. धाकट्याला वाटलं, तो मारेल. मारावं, असंही वाटलं. ‘मी विचारलं होतं तुला,’ दादा म्हणाला. ‘दवाखान्यात. तू हो म्हणालास.’

‘हो. म्हणालो.’

‘माहीत होतं तुला?’

‘माहीत नव्हतं. माहीत नसताना म्हणालो.’ हे मात्र खरं होतं, आणि ते बोलताना त्याचा आवाज फुटला. ‘घाबरलो होतो रे.’

‘घाबरला होतास.’ दादानं ते शब्द चाखून बघितले. ‘मी सव्वीस वर्षं नंबर लिहिले. तू घाबरला होतास.’ त्याचा जबडा हलत होता. ‘ती म्हणायची, भावजींच्या मनात काहीतरी आहे, इतकं कोण करतं? मी म्हणायचो, माझा भाऊ आहे, माया आहे त्याची.’ त्यानं काठी उचलून पुन्हा टेकवली. ‘रविवारी येऊ नकोस. मी सांगेपर्यंत येऊ नकोस.’

‘बरं,’ धाकटा म्हणाला. तो मोरीपाशी गेला आणि साबण घेऊन हात धुवायला लागला, स्वच्छ असलेले. मग काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. त्यानं वळून बघितलं नाही, पण मोरीवरच्या खिडकीच्या काचेत अंधुक दिसत होतं: दादा गाडीच्या उजव्या बाजूला गेला होता, आणि त्यानं थ्रॉटल मुठीत धरला होता. डोळे मिटले होते की उघडे, ते काचेत दिसत नव्हतं. मनगट सावकाश मागं फिरलं, आणि थांबलं नाही, पुढं आलं नाही, पूर्ण उघडेपर्यंत एका दमात गेलं. दादाच्या घशातून एक आवाज निघाला, हुंदका म्हणावा की हसू, कळणार नाही असा. धाकट्यानं नळ चालूच ठेवला.

डॉक्टर आले ते बोलतच आले. ‘सॉरी सॉरी, दाढ फार हट्टी निघाली. अरे वा, चालक गाडीपाशी! थांबा, फोटो काढतो. काय बोलणं झालं मग? पाटीवाला माझा जीव खातोय.’

‘फोटो नंतर,’ दादा म्हणाला. धाकट्यानं हा आवाज ओळखला आणि त्याच्या हातातला साबण निसटला. शर्यत संपल्यावर हेल्मेट काढता काढता दादा या आवाजात बोलायचा. ‘आधी ऐका. बसा तिथं स्टुलावर. सुरुवातीला आम्ही चौथे होतो. पुढं तिघं चार सिलेंडरवाले. सरळ रस्त्यावर यांना गाठायचा प्रश्नच नाही, मला माहीत होतं. मी म्हटलं, पळा लेको, वळण येऊ दे. पहिल्या लॅपला एक काढला, आतून. दुसऱ्या लॅपला दुसरा. त्याला कळलंसुद्धा नाही हो, कसा काढला ते! आणि इंजिन काय लागलं होतं त्या दिवशी, विचारू नका. इतकं गोड इंजिन मी आयुष्यात चालवलं नाही.’ त्यानं टाकीवरून हात फिरवला. ‘मग ते डावं वळण. मी उघडला. वेळेवर उघडला, डॉक्टर. श्वासभरही लवकर नाही.’

‘म्हणजे मग पडलात कसे?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘लिहू काय मी?’

धाकटा मोरीपाशी ओल्या हातांनी उभा राहिला.

‘लिहा, मेकॅनिकची चूक,’ दादा म्हणाला. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं, आणि त्यांची नजर आपोआप मोरीकडे वळली. दादानं हात आडवा केला. ‘नाव घालू नका,’ तो म्हणाला. ‘भाऊ आहे माझा.’ आणि मग पुन्हा थ्रॉटल मुठीत घेऊन, ‘तर काय सांगत होतो? तिसरा लॅप. पुढं एकच उरला होता.’